कोकणात पूलवाला बंगला ठरवताना

डिसेंबर जवळ आला की घराघरातल्या ग्रुपवर लिंका फिरायला लागतात. निळाशार पूल, मागे माडांची रांग, कडेला दोन आरामखुर्च्या. त्या निळेपणावर जाऊ नका, तो बहुतांशी टाइल्सचा असतो. चार बंगले निवडले की त्या प्रत्येक ठिकाणच्या केअरटेकरशी दहा मिनिटं फोनवर बोलायचं. मालकाशी किंवा मुंबईत बसलेल्या एजंटशी नव्हे, पूल रोज जो साफ करतो त्याच्याशी. तो मोकळेपणाने बोलतो, कारण सोमवारी सकाळी निस्तरायचं त्यालाच असतं.

पहिलं विचारायचं ते हे की पूल नक्की कोणाकोणाचा. नागाव, किहीम, वरसोली या पट्ट्यात एकाच प्लॉटवर तीन-चार बंगले आणि मधे एक पूल अशी बांधणी सर्रास असते. जाहिरातीत तोही प्रायव्हेटच म्हणवतो. म्हणून प्रश्न असा टाका: ‘त्या दोन दिवसांत शेजारच्या युनिटला बुकिंग देणार का?’ मग माप विचारा. लांबी, रुंदी आणि दोन्ही टोकांची खोली, सगळं फुटांत. ‘चांगला मोठा आहे’ हे माप नव्हे. २० बाय १० फूट आणि सरासरी ४ फूट पाणी म्हणजे ८०० घनफूट, साधारण साडेबावीस हजार लिटर. आठ-दहा माणसांना तो छान पुरतो. त्यात वीस जण दिवसभर राहिले तर संध्याकाळी पाणी नक्की गढूळतं. १० बाय ८ ची असेल तर ती डुंबायची टाकी समजा, पोहण्याची आशा नको.

पाणी कसं राखतात, इथे मात्र वेळ घालवा. घरगुती पूलचं सगळं पाणी फिल्टरमधून एकदा फिरून यायला सहा ते आठ तास लागतात. आधीचे पाहुणे ११ वाजता निघाले आणि तुम्ही १ वाजता आलात, तर मधल्या दोन तासांत वरची पानं जाळीने काढण्यापलीकडे फारसं काही होत नाही. शनिवार-रविवारच्या गर्दीत हे हमखास घडतं. म्हणून विचारायचं की पंप रात्री चालू असतो का, का वीजबिलाच्या धाकाने दिवसातून तासभरच लावता? क्लोरीन किती वाजता टाकता? साधं क्लोरीन कडक उन्हात दोन-तीन तासांत बरंच उडून जातं, त्यामुळे जाणकार माणूस ते संध्याकाळी, पूल बंद झाल्यावर टाकतो. ‘दुपारी पाहुणे यायच्या आधी टाकतो’ असं उत्तर आलं तर ते वासापुरतं आहे एवढं समजावं.

वासावरून आठवलं. डोळे चुरचुरणारा उग्र वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा उलटं असतं. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतात, वास त्यांचा असतो. म्हणजे माणसं जास्त आणि मोकळं क्लोरीन कमी पडलेलं. खात्री करायची तर टेस्ट स्ट्रिपची छोटी डबी ऑनलाइन मिळते, ती बॅगेत टाका. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ यांच्यामध्ये असेल तर बिनधास्त उतरा. पट्टी नसेल तर डोळे आहेतच. सगळ्यात खोल टोकाला उभं राहून, पंप जिथून पाणी ओढतो त्या तळाच्या जाळीचे स्क्रू स्वच्छ दिसले पाहिजेत. जाळीचं नुसतं धूसर वर्तुळ दिसत असेल तर मुलांना सोडू नका. त्या पाण्यात तळाशी गेलेलं मूलही दिसणार नाही.

गढूळ पूल झटपट नितळ दाखवायला तुरटी वापरतात. त्यात गैर काही नाही, पण रीत पुरी पाळावी लागते. पंप बंद ठेवून पाणी रात्रभर हलवायचं नाही, मग सकाळी तळाला बसलेला गाळ व्हॅक्यूमने ओढून थेट बाहेर सोडायचा. व्हॅक्यूम राहिला की पहिल्याच उडीला सगळा गाळ वर येतो. पाण्याला चहाचा रंग असेल तर ते प्रकरण वेगळं. बोअरच्या पाण्यातलं लोह क्लोरीनने असं रंग धरतं. अंगाला त्याचा फारसा त्रास नाही, पांढरे कपडे मात्र गेले समजा. नायलॉनचे कपडे घाला असा आग्रह केअरटेकर धरतात त्यालाही कारण आहे. सुती पंजाबी ड्रेस आणि टी-शर्टचे धागे सुटून फिल्टरच्या टोपलीत अडकतात आणि प्रवाह मंदावतो.

घरात पाच-सहा वर्षांखालचं मूल असेल तर बंगल्याचा नकाशा पूलपेक्षा महत्त्वाचा. सगळे पाण्यात असतात तेव्हा मुलावर दहा जणांचे डोळे असतात. घात होतो तो पोचल्यावर बॅगा उतरवताना, पानं वाढताना, निघायच्या सकाळी आवराआवर चालू असताना. प्रत्येकाला वाटतं मूल दुसऱ्याकडे आहे. हॉलची सरकती काच थेट पूलवर उघडते तो बंगला फोटोत सर्वात देखणा दिसतो आणि लहान मुलांच्या कुटुंबाला तोच सर्वात वाईट. त्या काचेला आतून मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर कडी आहे का, ते विचारा. पूलभोवती निदान चार फुटी कुंपण आणि आपोआप मिटणारं फाटक असेल तर उत्तमच, पण आपल्याकडे ते क्वचित दिसतं. बेबी पूल मोठ्या पूलला नुसत्या कट्ट्याने जोडलेला असेल तर तो बेबी पूल धरू नका, मूल कट्टा ओलांडून सरळ चार फुटात जातं. हवेच्या ट्यूब आणि दंडावरचे फुगे ही खेळणी आहेत. त्यापेक्षा मोठ्यांनी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावाव्यात. पाळीवरच्या माणसाने फोन खिशात ठेवायचा आणि ग्लास हातात घ्यायचा नाही.

तळाची जाळी तुटलेली किंवा सैल असेल तर पंप चालू असताना कोणीही उतरायचं नाही. ओढ एवढी असते की लांब केस किंवा हात अडकला तर सुटत नाही. तळाला अंतर ठेवून दोन जाळ्या असतील तर धोका कमी, कारण एक झाकली गेली तरी दुसरीतून पाणी ओढलं जातं. पंपाचा स्विच कुठे आहे ते पोचताच बघून ठेवा. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचे आहेत का तेही विचारा. खारी हवा विजेचे डबे आणि जोडण्या खाते. स्टीलच्या शिडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी मेन स्विच पाडायला ओरडा आणि शिडीला न शिवता बाहेर या.

आजी-आजोबा बरोबर असतील तर तळमजल्यावर कमोडवाली एक खोली लागतेच, आणि पूलभोवतीची फरशी खरखरीत हवी. गुळगुळीत टाइल ओली झाली की तिथे माणूस पडतोच.

‘चार बेडरूम, सोळा माणसं’ याचा अर्थ बहुधा हॉलमध्ये गाद्या. ते चालतं, पण बाथरूम मोजा. चार माणसांमागे एक असावी, आणि एक पूलजवळ बाहेर, नाहीतर वाळू आणि पाणी घरभर. १५ लिटरच्या गीझरमधून विसण मिळून दोन बादल्या होतात आणि टाकी परत तापायला पंधरा-वीस मिनिटं जातात. सोळा माणसांच्या सकाळचा हिशेब तुम्हीच करा. वापरायच्या पाण्याचंही विचारून घ्या. माणशी १३५ लिटर धरले तर सोळा जणांना रोज दोन हजारांच्या वर लागतं, पूलआधीची आणि नंतरची अंघोळ वेगळी. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये कितीतरी विहिरी तळ गाठतात आणि टँकर सुरू होतो. किनाऱ्याला अगदी लागून असलेल्या विहिरी मचूळ असतात. मेच्या सुट्टीत जाणार असाल तर ‘टँकर कोण मागवणार आणि पैसे कोणाचे?’ हे आधी मिटवा.

विजेचं थोडक्यात. ‘बॅकअप आहे’ म्हणजे बहुतेकदा इन्व्हर्टर, त्यावर पंखे आणि दिवे चालतात, एसी नाही. दीड टनी चार एसी एकदम चालवायला सहा-सात किलोवॅट लागतात, त्यासाठी जनरेटर हवा. तो असेल तर डिझेल भाड्यात धरलंय की तासावर, हे विचारा.

आता समुद्र. ‘बीचपासून दोन मिनिटं’ हे गाडीचे मिनिट असतात. लोकेशनची पिन मागवा, सॅटेलाइट नकाशावर पायवाट शोधा, मधे खाडी, व्हाळ किंवा कोणाची बंद वाडी आहे का बघा. ओल्या मुलांना घेऊन ५०० मीटरपर्यंत चालता येतं, पुढे प्रत्येक वेळी गाडी काढावी लागते. पण पूलवाला बंगला घेताय तर समुद्राला लागूनच हवा हा हट्ट मला तरी पटत नाही. पहिल्या रांगेत भाडं चढं, पाणी मचूळ आणि एसी गंजलेला. अर्धा-एक किलोमीटर आत, वाडीतल्या घरात निम्म्या कटकटी नसतात. मात्र पूलवर माड झुकले असतील तर नारळ कधी उतरवले ते विचारा, कारण झावळी किंवा नारळ डोक्यात पडणं ही थट्टा नाही. शिवाय डिसेंबर-जानेवारीत माडांच्या सावलीतला पूल दुपारीही गार राहतो आणि मुलं दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. हिवाळ्यात ११ ते ४ ऊन पडणारा पूल घ्यावा.

तारखा ठरवताना तिथीही बघा. कोळीवाड्यातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी दुपारी पूल आणि संध्याकाळी पाचला लांबरुंद वाळू असा दिवस आपसूक जमतो. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर ओहोटीच गाठावी लागते. पाण्यात उतरायचं तर भरती चढत असताना, तेही गुडघाभर. ओहोटीचं पाणी आत ओढतं. गणपतीपुळ्याचा किनारा उताराचा आहे, तिथे पाय पटकन सुटतात. तिथे समुद्र बघायचा आणि डुंबायचं ते पूलमध्ये. पावसाळ्यात भाडी उतरतात, पण तेव्हा समुद्र बंदच धरा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते, म्हणून ताज्या सुरमईची अपेक्षाही ठेवू नका.

दोनच रात्री असतील तर मुंबईकरांनी अलिबाग-मुरूडच्या पुढे जाऊ नये. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट रो-रोने मांडव्याला तासाभरात उतरता येतं. पुणेकरांना ताम्हिणी घाटाने दिवेआगर, श्रीवर्धन सोयीचं. गुहागरला दापोलीकडून येत असाल तर दाभोळ-धोपावे फेरीबोटीने बराच वळसा वाचतो, शेवटची फेरी किती वाजता ते आधी विचारून घ्या. मालवण, देवबाग, वेंगुर्ल्याला तीन रात्रींखाली जाण्यात अर्थ नाही, अर्धी सुट्टी रस्त्यातच जाते.

पैशाचं सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. एकूण भाडं जीएसटीसकट की वेगळा, माणसं किती, लहान मुलं कितव्या वर्षापासून मोजतात, जेवण ताटावर की बाजार आपला आणि स्वयंपाकाचे पैसे वेगळे, गॅस कोणाचा, पूल किती वाजता बंद होतो, डिपॉझिट किती आणि परत कधी. रात्री १० नंतर बाहेर स्पीकर लावता येत नाही, ते मुलांनाही सांगून ठेवा. आगाऊ पैसे भरण्याआधी व्हिडिओ कॉल करा आणि केअरटेकरला फाटकापासून चालत पूलपर्यंत जायला सांगा. कॉल टाळणाऱ्याला, किंवा पैसे भलत्याच नावाच्या खात्यावर मागणाऱ्याला, एक रुपयाही पाठवू नका. खोटे बंगले दाखवून आगाऊ रक्कम लाटण्याचे प्रकार सुट्टीच्या तोंडावर वाढतात.

पोचल्यावर सामान आत नेण्याआधी एकाने मुलांना घेऊन फाटकाबाहेर थांबायचं आणि दुसऱ्याने पूल बघून यायचा: जाळी, खोली, काचेची कडी, पंपाचा स्विच. त्याच फेरीत तुटकी खुर्ची, तडकलेली टाइल, डाग पडलेली गादी यांचे फोटो काढून केअरटेकरला पाठवून द्या, म्हणजे निघताना डिपॉझिटमधून ते कापलं जाणार नाही.