झोपेत शांत होणारा हात

आजींना कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा त्यांचा डावा हात सारखा हवेत भिरकावला जात होता. पायही तसाच. मुलीने दोन्ही हातांनी मनगट दाबून धरलं होतं. ती म्हणाली, ‘‘डॉक्टर, तीन दिवस झाले. झोप लागली की थांबतं. त्यामुळे घरातल्यांना वाटलं, आई मुद्दाम करतेय.’’ आजी खाली मान घालून ऐकत होत्या.

अशा बहुतेक हालचाली झोपेत थांबतातच. त्यावरून कुणाला ढोंगी ठरवलं जातं, याचं मला दर वेळी वाईट वाटतं.

सोबतच्या चिठ्ठीत ‘मेंदूत रक्तस्राव’ लिहिलं होतं. सीटी स्कॅनमध्ये उजवीकडचं पुटामेन, म्हणजे मेंदूच्या आतला हालचालींवर ताबा ठेवणारा एक भाग, पांढरं दिसत होतं. ताजं रक्तही स्कॅनमध्ये असंच पांढरं दिसतं, त्यामुळे क्षणभर मलाही ते पटलं. पण हातापायातली ताकद शाबूत होती. पांढरेपणा पुटामेन आणि त्याच्या शेजारच्या कॉडेटपुरताच होता, त्या दोघांमधला मज्जातंतूंचा पट्टा, इंटर्नल कॅप्सूल, मोकळा होता आणि आजूबाजूला सूज किंवा दाब कुठेच नव्हता. रक्त साकळतं तेव्हा ते असं हद्द पाळून बसत नाही.

बोटाला सुई टोचली. शुगर ४८६. लघवीत कीटोन (शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे पदार्थ) नाहीत. पुढे एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, आली १४.२ टक्के. बरं वाटतंय म्हणून आजींनी सहा महिन्यांपूर्वी गोळ्या सोडल्या होत्या.

वाढलेल्या शुगरमुळे होणारा हा हेमिकोरिया, म्हणजे शरीराच्या एकाच बाजूला आपोआप होणाऱ्या हालचाली. उतारवयातल्या, टाइप २ मधुमेह असलेल्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो. शरीरात कीटोन नसले की मेंदूला ‘गाबा’ हे मेंदू शांत ठेवणारं रसायन बनवायला कच्चा माल कमी पडतो आणि हालचालींवरचा लगाम सुटतो, असा एक तर्क आहे. उपचार मात्र साधा आहे. सलाईन आणि इन्सुलिन सुरू केलं, जोडीला हालचाली कमी करणाऱ्या हॅलोपेरिडॉलचा छोटा डोस दिला. शुगर एकदम खाली येऊ नये म्हणून तासातासाला तपासत राहिलो.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. मी त्याला स्कॅन दाखवला. ‘‘हा पांढरा भाग बघा. असं कुणाला मुद्दाम करता येत नाही.’’ तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला, मग आत जाऊन आईजवळ बसला.

पाचव्या दिवशी हात बराच शांत झाला. दोन महिन्यांनी केलेल्या एमआरआयमध्ये तो डाग अजूनही पुसटसा दिसत होता. आजी समोर खुर्चीत बसल्या होत्या. डावा हात मांडीवर होता आणि उजव्या हातात शुगरच्या नोंदींची वही होती.