शुद्ध गंधारातला शोक

संचलनाच्या संगीताला काळोखी छटा कुठून येते, असे विचारले, तर संगीताची थोडीफार ओळख असलेला माणूस पटकन सांगतो की मायनर स्वरांतून, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने कोमल गंधारातून. हे उत्तर मला पटत नाही, आणि त्याला कारण आहे बिगुल. साध्या सैनिकी बिगुलाला कळा नसतात. ओठांचा ताण बदलून जे मोजके स्वर निघतील तेवढ्यांवर वादकाला भागवावे लागते, आणि ते सगळे षड्ज, शुद्ध गंधार व पंचम याच घरांतले असतात. साताऱ्याकडच्या एखाद्या गावात वीरमरण आलेल्या जवानाला निरोप देताना वाजणारे ‘लास्ट पोस्ट’ आणि अमेरिकी यादवी युद्धात 1862 साली रूढ झालेले 24 स्वरांचे ‘टॅप्स’, या दोन्ही बिगुलधुनांत कोमल गंधार औषधालाही नाही. तरी ते ऐकताना गळा दाटून येतोच.

संगीतकार हँडेलच्या 1739 सालच्या ‘सॉल’ या रचनेतला ‘डेड मार्च’ (शोकसंचलन) तर चक्क सी मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधाराच्या स्वरांत आहे, आणि चर्चिल यांच्या अंत्ययात्रेतही तो वाजला होता. उलट 1912 च्या सुमारास रचलेले ‘स्लाव्ह स्त्रीचा निरोप’ हे रशियन संचलनगीत मायनरमध्ये असूनही ऐकणाऱ्याचे रक्त सळसळते. तेव्हा या संगीताचा रंग स्वरांपेक्षा पावलांवर अधिक ठरत असावा, असे मला वाटते.

संचलनाचे संगीत मुळात पायांसाठीच असते. नेहमीच्या संचलनात मिनिटाला सुमारे 120 पावले पडतात. सप्टेंबर 2022 मध्ये राणी एलिझाबेथ यांची शवपेटी वेस्टमिन्स्टर हॉलकडे नेताना ती गती 75 वर आणली होती. या गतीत उचललेला पाय क्षणभर अधांतरी राहतो, तोल सांभाळावा लागतो, आणि कडेला उभ्या असलेल्या माणसाचे शरीरही पुढच्या ठोक्याची वाट पाहू लागते. ठोका येतो, पण अपेक्षेपेक्षा उशिरा. हे ओझे कोणत्याही रागाला इतक्या थेट पेलवणार नाही.

त्यात ढोलाचा आवाजही बदललेला असतो. स्नेअर ड्रमच्या खालच्या पडद्याला टेकलेल्या तारांमुळे त्याला तो कडकडीत, उत्साही नाद मिळतो. त्या तारा सैल केल्या किंवा ढोलावर काळे कापड गुंडाळले, की उरतो नुसता बद्द ठोका. न्यू ऑर्लीन्सच्या अंत्ययात्रांमध्ये तर दफनभूमीकडे जाताना ढोलवादक तारा आणि पडदा यांच्यामध्ये रुमाल सरकवत, आणि दफन उरकून परत फिरताना तोच रुमाल काढून घेत. मग त्याच ढोलावर लोक नाचू लागत. वाद्ये तीच, वादक तेच, रस्ताही बहुधा तोच. सगळा फरक एका रुमालाचा, ही गोष्ट मला फार आवडते.

बिगुलाच्याच वंशातल्या अमेरिकी ड्रम कोअरच्या, म्हणजे पितळी वाद्ये व ढोल वाजवत मैदानावर संचलन करणाऱ्या पथकांच्या, स्पर्धांत मात्र काळोख दाखवण्याचा सोस असतो. काळे पोशाख, लाल निशाणे, वेदनेने वाकलेले नर्तक असे सगळे असते, आणि बऱ्याचदा ती वरवरची रंगरंगोटी ठरते. याला सणसणीत अपवाद म्हणजे 1993 सालचे ‘स्टार ऑफ इंडियाना’ हे पथक. त्यांनी बार्बर आणि बार्टोक या विसाव्या शतकातल्या संगीतकारांचे कर्कश, तुटक संगीत घेतले, प्रेक्षकांना टाळ्यांसाठी हक्काच्या जागा फारशा ठेवल्या नाहीत, आणि पितळी वाद्यांचा एवढा मोठा ताफा हाताशी असताना शांततेचा मुक्त हस्ताने वापर केला. अंतिम फेरीत ते 0.1 गुणाने हरले. काही प्रेक्षकांना तर तो कार्यक्रम मुळीच रुचला नव्हता, आणि त्यात मला नवल वाटत नाही. ज्या संगीतावर पाय ठेका धरणार अशी खात्री असते, त्याने ठेकाच नाकारला की माणूस बेचैन होतो.

अलीकडे या स्पर्धांत ध्वनिवर्धकांतून सिंथेसायझरचा खर्जातला घुमारा सोडून हाच परिणाम साधण्याची चाल पडली आहे. त्याने स्टेडियमची खुर्ची हादरते, भीतीही वाटते, पण दुःखाचा त्यात मागमूस नसतो. 2008 साली ‘फँटम रेजिमेंट’ या पथकाने रोमन गुलाम स्पार्टाकसच्या बंडाची कथा भाले, आरोळ्या आणि पितळी वाद्यांच्या जोरावर उभी करून 0.025 गुणाने विजेतेपद मिळवले, तेव्हा असा घुमारा नियमांतच बसत नव्हता. इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली ती पुढच्या वर्षी.