जांभळी वायर

आमचा कॉम्प्युटर महिनाभर आधीपासूनच कुरकुरत होता. सकाळी बटण दाबलं की लगेच उठायचा नाही, दोनदा-तीनदा दाबावं लागायचं. एकदा का सुरू झाला की मग रात्रीपर्यंत विनातक्रार चालायचा, म्हणून मी काणाडोळा केला. पावसाळा आहे, बटण दमट झालं असेल, असं म्हणून सोडून दिलं. चिपळुणात जुलैमध्ये हे कारण कशालाही चालतं. पापड सादळतात, काड्यापेटी सादळते, दारं फुगतात, मग बटण कसं सुटेल?

आणि एका सोमवारी त्याने उठायलाच नकार दिला. पंखा फिरेना, पुढचा दिवा लागेना, टुक् आवाजसुद्धा नाही.

मी घरातच डीटीपीची, म्हणजे छपाईसाठी मजकूर मांडून देण्याची कामं करते. गणपतीच्या आधीचा हा महिना म्हणजे वर्गणीची पावती पुस्तकं. चार मंडळांचा मजकूर तयार होता आणि तो सगळा त्या मुक्या डब्यात. हा डबा तसा सेकंडहॅण्ड. आधीचा २०२१ च्या २२ जुलैला पुराच्या चिखलात गेला, तेव्हापासून कॉम्प्युटर माडीवर, तोही टेबलावर. नवीन घेऊन टाक म्हणणं सोपं आहे, पण मी अजून पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरवर काम करते. जुने फॉन्ट, त्यांचं लॉक, जुनी विंडोज हा सगळा संसार नव्या मशीनवर मांडायला आठवडा तरी गेला असता.

दुकानात फोन केला. त्यांनी न बघताच निदान केलं, ''आतला मुख्य बोर्ड गेला असणार. नवीनच घ्या, मॅडम.''

मग मीच बसले. आधी सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून पाहिला, वीज होती. स्पाईक गार्ड बाजूला ठेवून थेट भिंतीत पिन घातली. मॉनिटरची वायर काढून सीपीयूला लावली, दोन्हींची वायर एकच असते. मागचा छोटा स्विच खालीवर केला. काही उपयोग नाही. मग पिन काढून झाकण उघडलं, कोळिष्टकं झटकली आणि सगळे करतात तेच मीही केलं. रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून खोडरबरने घासली. पुसली, बसवली, पुन्हा काढली, पुन्हा घासली. बोर्डावरचा तो रुपयाएवढा सेलसुद्धा काढून परत बसवला. तास-दीड तास गेला. आता कळतं, की जिथे पंखाच फिरत नाही तिथे रॅमवर संशय घेण्यात फारसा अर्थ नव्हता. रॅम बिघडली तर मशीन निदान सुरू तरी होतं, पंखे फिरतात, बीप वाजतात, फक्त पडद्यावर काही येत नाही. पण खोडरबर हातात असलं की माणसाला वाटतं आपण काहीतरी करतोय.

संध्याकाळी मामेभावाला व्हिडिओ कॉल केला. दादा मुंबईत लॅमिंग्टन रोडला बोर्ड दुरुस्तीचं काम करतो. त्याचा पहिला प्रश्न, ''बोर्डावर कुठे बारीक हिरवा दिवा लागलाय का?''

लागला होता. मला हायसं वाटलं, त्याला नाही.

बटणाच्या दोन बारीक वायरी त्याने बोर्डावरून काढायला लावल्या आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायला सांगितलं. बटण करतं ते तेवढंच. तरी ढिम्म. म्हणजे बटण निर्दोष, आणि माझं पावसाळ्याचं कारण बाद. मग एसएमपीएसचा, म्हणजे आतल्या वीज पुरवणाऱ्या डब्याचा, चोवीस पिनांचा मोठा कनेक्टर बोर्डातून उपटायचा, टाचणीची वायर वाकवून तिची दोन टोकं हिरव्या आणि काळ्या वायरीच्या भोकांत घालायची आणि मग वीज चालू करायची. एसएमपीएसचा पंखा भर्रकन फिरला.

''म्हणजे एसएमपीएस चांगला! बोर्डच गेला,'' मी जवळजवळ रडकुंडीला आले.

''थांब गं. पंखा काय, कुणीही फिरवेल. मीटर आहे का घरात?''

शेजारच्या वायरमन काकांकडून व्होल्ट मोजायचा मीटर आणला. डीसी वीस व्होल्टवर ठेवला. कनेक्टर परत बोर्डात बसवून त्यातल्या जांभळ्या वायरीत मागच्या बाजूने लाल टोक आणि काळ्या वायरीत काळं टोक खुपसलं. जांभळीवर पाच व्होल्ट हवेत, पावणेपाच ते सव्वापाचच्या आत. मीटर दाखवत होता ३.९. कनेक्टर बोर्डातून काढला तर ४.९! रिकामा असताना शहाणा, ओझं आलं की बसकण. हिरवा दिवा लागायला एवढंसं पुरतं, म्हणून तो खुशाल लागलेला.

दादाने समजावलं ते असं. भिंतीतलं बटण चालू असेल तोवर, कॉम्प्युटर बंद असला तरी, ही जांभळी वायर रात्रंदिवस जागी असते. आपण पुढचं बटण दाबतो तेव्हा ते दाबल्याचं बोर्डाला कळतं ते तिच्याच जोरावर. तिच्यामागचा एखादा कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा छोटा भाग, वर्षानुवर्षं तापून आतून सुकतो. थंड असताना तो दगा देतो, जरा गरम झाला की काम करतो. म्हणूनच सकाळी कुरकुर आणि दिवसभर ठीक.

''घरात हेअर ड्रायर आहे?''

मला वाटलं चेष्टा करतोय. पण जावेचा ड्रायर आणला आणि एसएमपीएसच्या जाळीतून पाचेक मिनिटं गरम हवा मारली. सासूबाई जिना चढून आल्या, बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ''न्हायला घातलंस का त्याला?'' बटणाच्या वायरी परत लावल्या, बटण दाबलं, आणि विंडोजचा तो ओळखीचा सूर वाजला. त्या सुराचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

''आता बंद करू नकोस,'' दादा ओरडला. ''आधी पेन ड्राईव्हवर सगळं घे. आणि त्या एसएमपीएसचं झाकण उघडून आत बोटं घालू नकोस. वायर काढली तरी आत सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठलेले असू शकतात.''

दुसऱ्या दिवशी नवीन एसएमपीएस आणला. हातात घेऊन चांगला जड वाटला तोच घेतला, दादाची सूचना. चार स्क्रू, मोठा कनेक्टर, हार्ड डिस्कची वायर. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळाच. पाच मिनिटं मी देवाचं नाव घेत बसले. मग दिसलं, प्रोसेसरजवळचा पिवळ्या-काळ्या वायरींचा चौकोनी चार पिनांचा कनेक्टर तसाच लोंबकळत होता. प्रोसेसर उपाशी, बाकी सगळ्यांचं जेवण झालेलं! तो लावला आणि पडद्यावर अक्षरं उमटली. सेल काढल्यामुळे आधीच्या सेटिंग गेल्यात, एफ-वन दाबा.

दाबलं. इतक्यात खालून मंडळाचा पोरगा आला. ''काकू, पुस्तकं झाली का? आज द्यायची होती ना?''

मी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख त्याला दाखवली. १ जानेवारी २००९.