वारलेल्या माणसाचं क्रेडिट कार्ड बंद करणे : माझा अनुभव

कार्डवरून पैसे कापायला माणूस जिवंत असावा लागत नाही, पण कार्ड बंद करायचं म्हटलं की तो लाइनवर हवा असतो. हे मी चिडून लिहितोय हे आधीच सांगतो.

बाबा मागच्या पावसाळ्यात गेले. बाकीची कामं म्हणजे वॉर्ड ऑफिसातून डेथ सर्टिफिकेट, एलआयसी, पेन्शन, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, सगळी एकेक करत झाली, त्याबद्दल तक्रार नाही. अडकलं ते फक्त एका खाजगी बँकेचं क्रेडिट कार्ड. मेन कार्ड बाबांचं, त्यावरचं अ‍ॅड-ऑन, म्हणजे त्याच खात्यावरचं जोडकार्ड, आईच्या पर्समध्ये. शेवटचं बिल २८ हजारांच्या आसपास, त्यातली बरीचशी औषधं. ते आम्हाला बुडवायचं नव्हतंच. म्हटलं हिशोब सांगा, भरतो, आणि बंद करा.

कस्टमर केअरला फोन लावला. आधी कार्ड नंबर, मग जन्मतारीख, मग ओटीपी. बाबांचा फोन माझ्याच हातात, ओटीपी येतोय, दिसतोय. मी म्हटलं मॅडम, ज्यांचं कार्ड आहे ते वारलेत, मी मुलगा बोलतोय. ती म्हणे, "सो सॉरी सर. सिक्युरिटीसाठी प्लीज कार्डहोल्डरना लाइनवर द्या." मी दोन सेकंद गप्पच झालो. परत सांगितलं. परत तेच. सुपरवायझर आला, त्याने सल्ला दिला की रजिस्टर्ड ईमेलवरून रिक्वेस्ट टाका. म्हणजे बाबांनी स्वतः मेल करायचा की मी गेलोय. (घरचेच एकजण म्हणाले, दे ना ओटीपी, बाबांच्या आवाजात बोल आणि मोकळा हो. नको. मेलेल्या माणसाच्या नावाने ओटीपी देणं म्हणजे उद्या आपल्यावरच शेकायचं.)

दादरच्या शाखेत गेलो, बाबांना वर्षानुवर्षं ओळखणारी माणसं तिथे. ती हळहळली, चहा विचारला, आणि म्हणाली कार्डाचं आमच्याकडे काही नसतं हो, ते डिपार्टमेंट बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात). बांद्र्याहून शेअर रिक्षाने बीकेसी, तिथे गेटवर सिक्युरिटीवाला, "किससे मिलना है, नाम बोलो, तभी पास बनेगा." नाव माहीत असतं तर रांगेत कशाला उभा राहिलो असतो. शेवटी ड्रॉप बॉक्समध्ये अर्ज टाकला, पोच नाही, काही नाही. त्यावर उत्तर काय आलं, तर कोर्टाचं सक्सेशन सर्टिफिकेट जोडा. अहो, ते सर्टिफिकेट लागतं मयताचं येणं वसूल करायला, त्याचे शेअर, ठेवी वगैरे. इथे आम्ही त्यांचं देणं द्यायला उभे आहोत आणि बँक म्हणते आधी कोर्टात जाऊन या!

आणि हे चालू असताना कार्ड मजेत जिवंत होतं. एका ओटीटीचं ऑटो-रिन्यूअल गेलं, कारण एकदा मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, दिलं की १५ हजारांपर्यंतच्या हप्त्याला दरवेळी ओटीपी मागत नाहीत. मग वार्षिक फी, मग लेट फी, मग व्याज, आणि फी-व्याजावर १८ टक्के जीएसटी. बिल फुगतंय आणि बंद होत नाहीये, कारण "ड्यूज पेंडिंग आहेत". ड्यूज वाढतायत कारण बंद होत नाहीये. हे चक्र मी तीन वेगवेगळ्या लोकांना फोनवर समजावलं, तिघांनी "आय अंडरस्टँड सर" म्हटलं.

मग वसुलीवाल्यांचे फोन आईला सुरू झाले. रात्री साडेआठ वाजता. "माताजी, कार्ड आपके नाम पे भी है, भरना तो पड़ेगा." तोच वसुलीवाला मला म्हणाला बापाचं कर्ज मुलाने फेडायचं असतं, आपल्यात तसंच आहे ना. आई घाबरून स्वतःची एफडी मोडायला निघाली होती, तिथे मात्र माझं डोकं फिरलं.

आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका राहतात, सगळी नोकरी बँकेत गेली त्यांची. ते म्हणाले, "अरे, आधी त्या माऊलीला सांग एफडीला हात लावू नकोस." त्यांनी सांगितलेलं मी नंतर वाचून खात्री केली, ते असं. रिझर्व्ह बँकेच्या क्रेडिट कार्ड नियमांत स्पष्ट आहे की अ‍ॅड-ऑन कार्डाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची. म्हणजे नुसतं अ‍ॅड-ऑन होतं म्हणून आई देणेकरी होत नाही. बाबांचं देणं त्यांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेतून फिटतं, वारसाकडे त्यातलं जेवढं आलं तेवढ्यापुरतंच, स्वतःच्या पगारातून किंवा एफडीतून नाही. आणि ते "बापाचं कर्ज मुलाने" वालं? हिंदू वारसा कायद्यातली २००५ ची दुरुस्ती बघा, त्यानंतरच्या कर्जासाठी केवळ पितृऋणाच्या धार्मिक कर्तव्यापोटी मुलावर दावा कोर्ट मानत नाही. वसुलीचे फोनही सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. हे मी त्या माणसाला पुढच्या फोनवर शांतपणे ऐकवलं, तारखेसकट, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

काम शेवटी झालं ते कागदाने. स्टेटमेंटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ग्रिव्हन्स ऑफिसरचा (तक्रार अधिकाऱ्याचा) पत्ता आणि ईमेल असतो, तिथे माझ्याच ईमेलवरून लिहिलं, रजिस्टर्ड वगैरे गेलं उडत. सोबत डेथ सर्टिफिकेट, आईचं आणि माझं आधार, दोन्ही कार्डं कापलेला फोटो. मागणी एकच : मृत्यूच्या तारखेपर्यंतचा हिशोब द्या, त्यानंतरची फी, व्याज, रिन्यूअल उलटवा. खाली लिहिलं की ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँकांविरुद्धच्या तक्रारी बघणारा अधिकारी) जाणार. ती तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर फुकट होते. कागदावर पाठवायची तर मात्र चंदीगडला, रिझर्व्ह बँकेचं मुख्यालय आपल्या फोर्टात असूनसुद्धा! पण लोकपालापर्यंत जावं लागलं नाही. बँकेतून एका बाईंचा फोन आला, पहिल्यांदाच कोणी ओटीपी न मागता बोललं, नंतरचे सगळे चार्ज रिव्हर्स झाले आणि मूळ रक्कम बाबांच्याच सेव्हिंगमधल्या पैशांतून भरली. (आई तिथे नॉमिनी होती, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ते पैसे वारसांचेच, त्यामुळे देणं तिथूनच देणं बरोबर.)

एक राहिलं, हे खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं : अ‍ॅड-ऑन कार्ड लगेच बाजूला ठेवा, मृत्यूनंतर एक रुपयाही त्यावर खर्च करू नका, तो खर्च मग करणाऱ्याच्याच गळ्यात येतो. आणि सिम चालू ठेवा, ओटीपी द्यायला नाही, कुठून काय कापलं जातंय ते कळायला.

फोनवरच्या तक्रारीवर विसंबू नका, लेखीच द्या. नो ड्यूज लेटर, म्हणजे काही देणं बाकी नाही असं पत्र, मागून घ्या. जिवंत माणसाने स्वतःचं कार्ड बंद करायला सांगितलं आणि थकबाकी शून्य असेल तर बँकेला कामकाजाचे ७ दिवस मिळतात, पुढे उशीर केला तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, हेही त्याच नियमांत आहे. आईचा सिबिल रिपोर्टही (कर्ज-कार्डांची नोंद असलेला) काढून बघितला, वर्षातून एकदा फुकट मिळतो, अ‍ॅड-ऑन दिसत असेल तर ओनरशिपच्या जागी "ऑथराइज्ड युजर" हवं, "जॉइंट" असेल तर तिथेच डिस्प्यूट टाका.

पण हे सगळं अ‍ॅड-ऑन कार्डापुरतं हं. होम लोनला को-अ‍ॅप्लिकंट म्हणून किंवा कोणाला जामीन म्हणून तुमची सही असेल तर वरचं काही लागू नाही, तिथे बँक पूर्ण रकमेसाठी थेट तुमच्याकडे येऊ शकते, माणूस असो वा नसो.