प्लॉटवरचा तरोटा

मृगाचे दोन पाऊस पडले की आमच्या लेआउटमधल्या एकुलत्या रिकाम्या प्लॉटवर तरोट्याची रानभाजी उगवते. महिन्याभरात ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी त्यात कमरेपर्यंत बुडते. मोकाट गाई येतात, भोवतालचं गवत साफ करतात, पण तरोट्याला तोंड लावत नाहीत. म्हणूनच तो इतका माजतो. आणि मी नागपूरच्या महालातल्या बुधवारी बाजारातून त्याच तरोट्याचे वाटे पैसे मोजून आणते!

पुण्याची माझी जाऊ याला टाकळा म्हणते आणि वरून ओलं खोबरं घालते. घालू दे. आमच्याकडे तरोटा उकडायचा, घट्ट पिळायचा, भरपूर लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीवर भिजवलेल्या चण्याच्या डाळीसोबत परतायचा. खाली ज्वारीची भाकर. जिभेवर किंचित कडू राहिला पाहिजे, नाहीतर मग पालक काय वाईट?

मागच्या वर्षी फुकटचा मोह झाला. ऑफिसातून आले आणि पिशवी घेऊन थेट प्लॉटवर. दिवेलागणीला तरोट्याची पानं मिटतात. समोरासमोरच्या जोड्या हात जोडून उभ्या. ‘तिन्हीसांजेला झाडाला हात लावू नये’ हे आजीचं वाक्य आठवलं, तरी ओरबाडलाच. भाजी अशी चिवट आणि कडू झाली की नवऱ्यानं मुकाट्यानं लोणच्याची बरणी जवळ ओढली.

पुढच्या बुधवारी नेहमीच्या भाजीवालीला सांगितलं. ती हसली. “जून झाला असन. नखानं कटकन तुटला तं घ्याचा, ओढा लागला तं सोडाचा. फुलावर आला का भाजी संपली.” मग एक डहाळी माझ्यासमोर धरून म्हणाली, “पानं मोजली का जी?”

एका देठावर तीन जोड्या, म्हणजे सहा पानं, टोकाला गोलसर. तशीच पिवळी फुलं येणाऱ्या कासोद्याची पानं टोकदार, जोड्याही जास्त. त्याच्या बिया तर लहान पोरांच्या जिवावर उठतात. तरोट्याच्या बिया मात्र भाजून, दळून कॉफीसारख्या उकळतात. मी काहीच मोजलं नव्हतं. झोपलेली पानं मोजणार तरी कशी?

तिनं वाट्यावर आणखी मूठभर तरोटा टाकला.

“अन् प्लॉटवरचा काऊन खाता, बाई? तिथं कुत्रे मुततेत.”