तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांचाच रशिया

“तुम्ही रशियात शिकलात ना? मग तुम्हीच सांगा. डावे, काँग्रेसवाले, भाजपवाले एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत, पण रशियाचं नाव निघालं की सगळे एका सुरात कसे?” लग्नात विचारतात, बँकेत विचारतात, परवा भाचीच्या सासऱ्यांनीही विचारलं. एकदाचं लिहूनच टाकते.

१९७१ चं बांगलादेश युद्ध उगाळत बसत नाही. सोव्हिएत संघाशी झालेला मैत्री करार, बंगालच्या उपसागरात घुसलेली अमेरिकेची विमानवाहू नौका एंटरप्राइज, सुरक्षा परिषदेतले सोव्हिएत नकाराधिकार हे सगळं तुम्हाला पाठ आहे. पण ते उपकार इंदिराबाईंच्या काळातले. ज्यांना काँग्रेसचं काहीच रुचत नाही, त्यांनी ते का स्मरावेत? १९७७ साली जनता सरकार खरीखुरी अलिप्तता आणणार होतं. वाजपेयी परराष्ट्रमंत्री झाले, एप्रिलमध्ये सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको दिल्लीत येऊन गेले, करार होता तिथेच राहिला. जानेवारी १९८० मध्ये अफगाणिस्तानच्या प्रश्नावर संयुक्त राष्ट्रांत मॉस्कोला सांभाळून घेणारं भाषण वाचणारे भारताचे प्रतिनिधी ब्रजेश मिश्र पुढे वाजपेयींचेच उजवे हात झाले. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये, युक्रेनचं युद्ध चालू असताना, मॉस्कोत अण्णा भाऊ साठ्यांच्या पुतळ्याचं अनावरण कोणी केलं? देवेंद्र फडणवीसांनी. स्टालिनग्राडचा पोवाडा रचणारा लाल शाहीर आणि भाजपचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री. मी बातमी वाचली, बरं वाटलं, पान उलटलं. खटकायचं राहूनच गेलं.

माझ्या मते प्रत्येकाचा रशिया वेगळा आहे. डाव्यांचा १९१७ चा. काँग्रेसचा भिलाईच्या पोलाद कारखान्याचा आणि काश्मीरवरच्या नकाराधिकारांचा. भाजपचा रशिया शस्त्रं देणारा, पश्चिमेला न जुमानणारा. गोऱ्याने शहाणपण शिकवलेलं आपल्यात कोणालाच सोसत नाही, तिथे सगळे एक. (रशियनही गोरेच, हे आमच्या कधी ध्यानात येत नाही.) पैशाचा भाग आहेच. स्वस्त तेल कोणत्याही विचारसरणीत बसतं. अपवाद म्हणाल तर समाजवादी. १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि भारताने सुरक्षा परिषदेत तटस्थ राहायचं ठरवलं, तेव्हा अशोक मेहतांनी मंत्रिपद सोडलं. रशियापायी खुर्ची सोडणारा मला तरी हा एकच आठवतो.

पण मी रशियात शिकलेच नाही. मी युक्रेनमधल्या खारकोव्हला शिकले. चाळीस वर्षं मी स्वतःच ‘रशियात होते’ म्हणत आले, तर तुम्हाला काय बोल लावू? शिष्यवृत्ती मिळाली ती बाबांच्या लाल बावट्याच्या ओळखीने, तेही लपवत नाही. सुट्टीत रूममेट मला तिच्या आजीच्या गावी न्यायची. आजीचं बोलणं मला कळायचं नाही. मी घरी पत्रात लिहिलं होतं, ‘इथली म्हातारी माणसं खेडवळ रशियन बोलतात.’ ती भाषा युक्रेनियन होती. ते पत्र अजून आहे माझ्याकडे.

२ मार्च २०२२. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी रशियाचा निषेध केला, ३५ तटस्थ राहिले, त्यांत आपण. त्याच रात्री त्या रूममेटचा फोन आला. ती मेट्रोच्या स्टेशनात, जमिनीखाली होती. आदल्या दिवशी शहरातल्या मोठ्या चौकात क्षेपणास्त्र पडलं होतं. आमच्या वेळी त्या चौकाला सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाचं, झेर्झिन्स्कीचं नाव होतं. त्याच दिवशी त्या शहरात एक भारतीय विद्यार्थीही मारला गेला होता. तिने आधी त्याच्याबद्दल दुःख व्यक्त केलं. मग म्हणाली, “तुमचं असं का?”

मी म्हटलं, आमची हजारो मुलं अडकली आहेत, ती आधी बाहेर काढायची आहेत. ते खरंच होतं. तिने ऐकून घेतलं. तिथे थांबायला हवं होतं मी. पण मी १९७१ काढलं. आमच्या मदतीला कोण आलं, हे आम्ही विसरत नाही, असं काहीतरी म्हणाले. खारकोव्हमध्ये सगळे किती जिव्हाळ्याने वागायचे, हेही जोडलं.

“खारकिव,” शहराचं युक्रेनियन नाव घेत ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, “१९७१ मध्ये आम्ही नव्हतो का?”

मागे लहान मूल रडत होतं. मला उत्तर सुचलं नाही. फोन तिनेच ठेवला की लाइन गेली, ते कळलं नाही.

आपल्या हवाई दलाची अंतोनोव्ह विमानं कीवची. नौदलाच्या कित्येक जहाजांची गॅस टर्बाइनं मिकोलाइवची. १९७१ साली क्रेमलिनमध्ये बसलेला सोव्हिएत नेता ब्रेझनेव्हसुद्धा जन्मला युक्रेनमध्येच. उपकार केले सोव्हिएत संघाने, आणि परतफेड चालली आहे एकट्या मॉस्कोच्या खात्यात. हे मला त्या रात्री कळलं, खरं तर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला तेव्हाच कळायला हवं होतं.

तरीही सरकार चुकलं असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. युद्धाच्या सुरुवातीला शशी थरूरांनी या भूमिकेवर टीका केली होती, २०२५ मध्ये त्यांनीच आपली फजिती झाल्याचं कबूल केलं. २०२३ मध्ये ब्रसेल्सला राहुल गांधींनीही सांगितलं की विरोधकांना ही भूमिका साधारण मान्य आहे. कोणी अमेरिकेची बाजू घेऊन मला शिकवायला आलं, तर मी आजही एंटरप्राइज काढते. जीभ आपोआप तिकडे वळते.

दर नववर्षाला तिचा निरोप येतो, आता युक्रेनियनमध्ये. मी उत्तर रशियनमध्ये लिहिते. तिची भाषा मला येत नाही, आणि शिकायला बसले नाही हेही खरं.