पॅरा कोर्सची तयारी करताय? मग उतरायची तयारी करा

कॉलेजच्या एनसीसीतल्या ज्युनिअर पोरी सारखं एकच विचारतात, ताई पॅरासाठी, म्हणजे विमानातून पॅराशूटने उडी मारायच्या कोर्ससाठी, रोज किती पळायचं? पळायचं तर आहेच गं, त्यात सूट नाही, सिलेक्शन आधी एनसीसीच्या बटालियनला होतं मग ग्रुपला मग डायरेक्टोरेटला आणि प्रत्येक ठिकाणी दम बघतातच. पण नुसतं पळून पॅरा होत नाही. मी स्वतः सध्या त्याच तयारीत आहे त्यामुळे जे करतेय ते एकदा नीट लिहून काढते.

आधी कोर्सबद्दल थोडक्यात. पॅरा बेसिक होतो आग्र्याला, एअरफोर्सच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये. आधी जमिनीवरचं ट्रेनिंग, मग एएन-32 मधून मालपुऱ्याच्या ड्रॉप झोनवर जंप. 2015 मध्ये धोनीने केलं ते हेच, पाच जंप पूर्ण केल्या तेव्हा त्याला विंग्ज म्हणजे पॅराट्रूपरचा बिल्ला मिळाला, आणि पाचवी जंप 1250 फुटांवरून होती. स्टॅटिक लाइन असते म्हणजे पॅराशूटचा पट्टा विमानातल्या केबलला अडकवलेला असतो, आपण दारातून बाहेर पडलो की पॅराशूट आपोआप उघडतं. त्यामुळे घरच्यांना, मैत्रिणींना वाटतं की हिंमत केली की झालं, बाकी काम पॅराशूट करतं.

आता हिशेब बघा. गोल पॅराशूट साधारण सेकंदाला 5 ते 6 मीटर वेगाने खाली येतं. 1250 फूट म्हणजे 381 मीटर, म्हणजे हवेत एक-सव्वा मिनिट फक्त. आणि पाय टेकतात तेव्हाचा धक्का म्हणजे चार ते सहा फुटांच्या भिंतीवरून मारलेली उडी, त्यात वारा आडवा ढकलतोय, पोटावर रिझर्व्ह पॅराशूट बांधलंय आणि खालची जमीन तुमच्या सोयीची नाहीये. घोटे, गुडघे, कंबर यांची परीक्षा तिथे असते.

इथे नाशिकला आमच्या गल्लीत एक काका आहेत, सैन्याच्या पॅरा तुकडीतून रिटायर झालेले. मला बाळा म्हणतात पण सरावाला उशीर झाला तर फाटकातूनच परत पाठवतात. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, पांडवलेणीला जातेस ना, मग पायऱ्या चढताना टाइम लावतेस की उतरताना? मी म्हटलं चढताना, सगळे तेच करतात. ते म्हणाले चढणं दमासाठी, उतरणं मांड्यांसाठी, तुला उतरायचंय. तेव्हापासून मी पांडवलेणी चढते जोरात पण उतरते एकदम सावकाश, एकेका पायरीवर गुडघा हळूहळू वाकवत, टाच आपटू न देता. करून बघा, दुसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून येतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. स्नायू ताणला जात असताना वजन पेलतो तेव्हा तो असा दुखतो, आणि लँडिंगला नेमकं तेच काम त्याला करायचं असतं. पावसाळ्यात मात्र तिथल्या पायऱ्यांवर हा सराव नको, शेवाळ असतं, तेव्हा घराचा जिना बरा.

लँडिंग फॉल, म्हणजे जमिनीला टेकताना पडायची पद्धत, हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि तो एकट्याने यूट्यूब बघून करू नका प्लीज. काकांनी ओळखीने पंचवटीतल्या एका तालमीत सोय करून दिली, सकाळचे पैलवान गेले की आम्हाला आखाडा मोकळा मिळतो. लाल माती, हळद-ताक-तेल घालून मळलेली, मऊ. तिथे आधी नुसतं उभ्याने पडायचं. दोन्ही पाय आणि गुडघे एकमेकांना घट्ट चिकटलेले, गुडघे किंचित वाकलेले, हनुवटी छातीला, कोपरं आत. आधी चवडे टेकतात, लगेच अंग एका बाजूला वळवायचं, मग पोटरीची बाहेरची बाजू, मग मांडी, मग कुल्ला, मग पाठीचा वरचा भाग, आणि पाय तसेच चिकटलेले ठेवून पलीकडे लोळायचं. धक्का असा अंगभर वाटला जातो. काका माझ्या दोन गुडघ्यांमध्ये रुमाल ठेवतात, तो पडला की ती उडी धरत नाहीत. कारण पाय फाकले की सगळं वजन एका घोट्यावर. आणि हात टेकवून स्वतःला सावरायचं नाही, ही सवय मोडणं सगळ्यात अवघड, कारण लहानपणापासून पडताना आपण हातच पुढे करतो आणि मनगट तिथेच मोडतं. उभ्याने जमलं की मग वीतभर उंचीच्या ओट्यावरून. काँक्रीटवर किंवा गच्चीवर अजिबात नाही.

मानेसाठी पैलवान करतात तो ब्रिज, पण हळू आणि कुणीतरी बघत असताना. हातांसाठी मी दोरीचा मल्लखांब परत सुरू केला, शाळेत केला होता. हवेत रायझर (खांद्यापासून वर पॅराशूटच्या दोऱ्यांकडे जाणारे पट्टे) खाली ओढून धरायला दंड आणि पकड लागते, पुलअप तर हवेतच पण दोरीवर स्वतःचं वजन धरून थांबायची जी सवय लागते ती जिमच्या मशीनवर नाही लागत असं माझं स्पष्ट मत आहे. बाकी जोर, बैठका, एका पायावर डोळे मिटून उभं राहणं (घोट्यासाठी हे फार भारी आहे), दोरीउड्या.

पळायला गोल्फ क्लब ग्राउंड, मातीवर. गंगापूर रोडच्या डांबरावर रोज पळणाऱ्या पोरींच्या नडग्या दुखायला लागतात मग दोन-दोन आठवडे ब्रेक. आठवड्यातून एकदा डीएमएस बूट (सैनिकी जड बूट) घालून पळते, पण अंतर कमी.

खाण्याचं फॅड नाही काही. नाचणीची भाकरी, मटकी, अंडी, गूळ-शेंगदाणे. मुलींनी हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्याच, ते कमी असेल तर कितीही पळा दम वाढत नाही आणि आपण उगाच स्वतःला नावं ठेवत बसतो. मेडिकलला कळण्याआधी आपल्याला कळलेलं बरं.

काका एकदा बांगलादेश युद्धातल्या टांगाईलचं सांगत होते. 11 डिसेंबर 1971, आपल्या सैन्याची 2 पॅरा बटालियन तिथे पॅराशूटने उतरली आणि संध्याकाळी पुंगलीचा पूल ताब्यात घेतला. ही बटालियन आधी मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती, हे ऐकून मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. पण काकांचा मुद्दा वेगळाच होता. ते म्हणाले, बाळा, ती पोरं जमिनीवर टेकली तेव्हा त्यांचं काम सुरू झालं, पूल पुढे होता. घोटा मुरगळलेला जवान पुलापर्यंत कसा जाणार? तेव्हापासून मी मातीत पडल्यावर पडून राहत नाही, लोळून लगेच उठते आणि आखाड्याला एक फेरी पळून येते. आग्र्यालाही वाऱ्यात पॅराशूट फरफटत नेतं तेव्हा असंच झटकन उठून ते गोळा करावं लागतं.

ज्या मुलींना खरंच सिलेक्शनला उतरायचंय त्यांनी रविवारी पहाटे साडेपाचला पांडवलेणीच्या पायथ्याशी या. पाणी, जुने पण घट्ट बसणारे शूज आणि एक रुमाल आणा, तालमीत जायच्या आधी गुडघ्यात रुमाल धरून उभं राहण्यापासूनच सुरुवात करू.